बाहेरून कडी

आपण लाटणं खाली ठेवलं तर अर्धी अंबरनाथ एमआयडीसी उपाशी मरेल, असं गयाबाई स्वतःच सांगायची. तेवढं काही खरं नव्हतं, पण तीन-चार कंपन्यांच्या पहिल्या पाळीचे डबे तिच्या खोलीतून जायचे, एवढं खरं. बाई फटकळ. भाजीवाल्याने मेथीच्या जुडीत एक पिवळं पान घातलं तरी ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. जेलमधून सुटलेल्या बाया कामाला ठेवते म्हणून चाळीत तिच्या पाठीमागे पुष्कळ बोललं जायचं. तोंडावर बोलायची टाप मात्र कोणाची नव्हती.

हे जेलचं प्रकरण तिच्याकडे आलं अस्मितामुळे. अस्मिता एका संस्थेत होती. सुटून आलेल्या बायांना काम बघायचं, खोली बघायची, आधारकार्ड काढून द्यायचं, हे तिचं काम. ती पहिल्यांदा चाळीत विचारायला आली तेव्हा लोकांनी दारं लोटून घेतली. गयाबाईने तिला आत बोलावलं, चहा दिला आणि विचारलं, "पोळ्या लाटता येतात ना त्यांना? मग आण. बाकीचं माझ्याकडे लागलं."

गोदू तिच्याकडे आली ती अशीच. मूळची बदलापूरजवळच्या चामटोलीची, शेतकऱ्याघरची सून. दारू पिऊन रोज मारणाऱ्या नवऱ्याला तिनं एकदा ढकललं. तो मसाल्याच्या पाट्यावर डोकं आपटून पडला तो उठलाच नाही. तेव्हा मुलगी, वैष्णवी, बालवाडीत होती. आता ती सातवीत होती आणि आजीकडे, म्हणजे गोदूच्या सासूकडे, राहत होती. मधली सगळी वर्षं गोदू आत होती.

चाळीत गयाबाईच्या शेजारी-शेजारी दोन खोल्या. एकीत ती राहायची, दुसरीत डब्यांचं काम चालायचं. गोदूचं अंथरूण कामाच्या खोलीत. पहिल्याच रात्री गयाबाई "झोप आता" म्हणून निघाली, तर गोदू भिंतीला टेकून उभीच.

"मॅडम, कडी."

"लाव की आतून. आणि मॅडम काय? मावशी म्हण."

"आतून नाय, मावशी. बाहेरून."

गयाबाईला आधी हसू आलं आणि मग राग आला. माणूस जेलमधून सुटतं कशासाठी? पण गोदूचं म्हणणं साधं होतं. इतकी वर्षं संध्याकाळी कोणीतरी बाहेरून दार बंद केलं की मगच तिला झोप लागली होती. उघड्या खोलीत तिचा डोळा लागेना. आतून कडी लावली, तर ती कडी आपल्याला काढता येते, हा विचार तिला झोपू देईना. दोन रात्री ती बसूनच राहिली आणि तिसऱ्या दिवशी पेंगत पेंगत हात तव्यावर टेकवून बसली. त्या रात्री गयाबाईने काही न बोलता बाहेरून कडी सरकवली. गोदू सकाळी हाका मारून उठवावी लागली, इतकी मेल्यासारखी झोपली होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढी शहाणी बाई, तिला कळायला नको का? कळत होतं हो. थोड्या दिवसांनी सवय मोडू, हळूहळू मोडू, असं ती रोज ठरवत होती. कामाला पहाटे बसायचं, म्हणून दुपारी दोघी झोपायच्या. मग दुपारचीही कडी सुरू झाली. आणि खरं सांगायचं तर कडी सरकवताना गयाबाईला बरंच वाटायचं. पोर आत आहे, जेवलेली आहे, कुठे जात नाही. आपल्यालाही डुलकी काढायला हरकत नाही.

याला कारण होती सोनू. गोदूच्या आधी आलेली. हसरी, चुणचुणीत, दोन महिन्यांत चाळीची लाडकी झालेली. तिला भावाची आठवण आली म्हणून गयाबाईनेच नवी साडी नेसवून शहाडला पाठवली. भावाने दार उघडलं नाही. खिडकीतून म्हणाला, आम्हाला पोरी उजवायच्या आहेत, तू मेलीस असं आम्ही सांगितलंय. सोनू त्या संध्याकाळी परत आलीच नाही. जुन्या माणसांत गेली, जुन्या धंद्यात गेली आणि पुन्हा आत गेली. अस्मिता म्हणाली, यात तुमचा काय दोष? पण ती साडी आपण नेसवली होती, हे गयाबाईच्या मनातून जाईना.

म्हणून त्या दिवशी सकाळी कणीक मळता मळता गोदूने मान वर न करता विचारलं, "मावशी, मी चामटोलीला जाऊन येऊ का?" तेव्हा गयाबाईला ती नवी साडीच आठवली. इतक्या महिन्यांत गोदूने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. चहा हवा का म्हटलं तर "तुमी म्हनाल तसं." लाल साडी की हिरवी, तर "तुमी द्याल ती." मोरीत जायचं तरी विचारून जायची.

"अजून नको गं," गयाबाई म्हणाली. "जरा सावर. चार पैसे साठव, पोरीला काहीतरी घेऊन जा. तुझी सासू दारात उभी करेल का याचा अंदाज घेऊ. अस्मिताला सांगते आधी विचारायला."

"व्हय मावशी," गोदू म्हणाली आणि तिनं पुढचा उंडा घेतला.

किती शहाणी, असं गयाबाईला वाटलं. सोनूने ऐकलं असतं तर.

दुपारी डबे गेले, भांडी झाली. गोदू पडली. गयाबाईला उल्हासनगरला जायचं होतं, पॅकिंगचे प्लास्टिकचे डबे संपले होते. तिनं साडी बदलली, पिशवी घेतली, कामाच्या खोलीचं दार ओढलं, बाहेरून कडी लावली आणि निघाली. लछूशेठच्या दुकानात पोचेपर्यंत तिच्या डोक्यात फक्त डब्यांचा भाव होता.

लछूशेठ सिंधी, कॅम्पातला जुना व्यापारी. गयाबाईशी भावावरून भांडल्याशिवाय त्यालाही चैन पडायचं नाही. पण आज तो भांडेना. मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसला होता.

"मौसी, तुम्हारे उधर गैस छूटा है," तो म्हणाला. "एमआयडीसी में. कोई केमिकलवाली कंपनी है. लोग घर छोड़ के भाग रहे, देखो."

व्हिडिओत पांढुरका धूर होता आणि तोंडाला फडकी बांधून धावणारी माणसं. मागे भोंगा वाजत होता. रस्ता गयाबाईने ओळखला. चाळीच्या पुढचा नाका होता तो.

पहिला विचार तिला आला तो, चाळीतले लोक गोदूला घेऊन निघतील. कितीही नावं ठेवली तरी अशा वेळी माणूस माणसाला टाकत नाही. कडीच तर आहे. कोणीही सरकवेल. असं म्हणत तिनं फोन काढायला पर्समध्ये हात घातला, आणि बोटांना किल्ली लागली.

कामाच्या खोलीची किल्ली.

ती नुसती बघत राहिली. दुपारी ती चाळीतच असायची, तेव्हा नुसती कडी. पण बाहेरगावी निघाली की त्या खोलीला कुलूप, कारण आत दोन सिलिंडर आणि महिन्याचा किराणा. वर्षानुवर्षांची हाताची सवय. पिशवी खांद्याला, दार ओढ, कडी लाव, कुलूप अडकव, एकदा ओढून बघ. आज हातांनी तेच केलं होतं. ओढूनसुद्धा बघितलं होतं. डोकं तेव्हा डब्यांच्या भावात होतं.

"मौसी, क्या हुआ? पानी लाऊं?" लछूशेठ म्हणाला.

गयाबाई तोपर्यंत दुकानाच्या पायऱ्या उतरली होती.

रिक्षावाले अंबरनाथचं नाव काढताच मान हलवत होते. शेवटी एकाला तिनं आधी शिव्या घातल्या आणि मग त्याच्याच पुढे हात जोडले, तेव्हा तो म्हणाला, जिथपर्यंत सोडतात तिथपर्यंत नेतो. रिक्षा निघाली तशी तिनं गोदूचा फोन लावला. वाजला, वाजत राहिला. गोदू फोनला भ्यायची. तो फडताळात पिठाच्या डब्यामागे, आवाज बंद करून ठेवलेला असायचा.

मग तिनं सुजितला लावला. सुजित शेजारचा, रिक्षा चालवायचा. खुनी बाई भिंतीपलीकडे झोपते म्हणून त्याच्या आईने गयाबाईशी बोलणं टाकलं होतं, आणि आईपायी त्यानेही. पण चाळीत ज्याच्या अंगात धमक आहे आणि ज्याचा फोन नंबर पाठ आहे असा तोच एक. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"मावशी, तुम्ही कुठे? आम्ही शाळेच्या मैदानात आहोत. सगळी चाळ इथं आहे. डोळे चुरचुरतायत नुसते."

"गोदू आहे का तिथं?"

"तुमच्याबरोबर नाही का ती? तुमच्या खोलीला कुलूप होतं. मी दार वाजवायला आलो होतो, कुलूप बघितलं आणि परत फिरलो. आई म्हणाली, दोघी मिळून गेल्या असतील बाजारात."

कुलूप असलेल्या घरात माणूस नसतं, हे कोणालाही कळतं. त्यात सुजितची काय चूक?

"ती आत आहे," ती म्हणाली.

"आत कुठे?"

"खोलीत. कुलूप मी लावलं. बाहेरून."

पलीकडे भोंगा ऐकू येत होता, पोरांची रडारड ऐकू येत होती.

"मावशी, तुम्ही बाईला कोंडून गेलात?"

हे ऐकल्यावर तिला सगळं सांगायचं होतं. तिला बाहेरून कडी लागते रे, त्याशिवाय झोपत नाही, तिनंच मागितली, मी कुलूप लावणार नव्हते, हात गेला. पण हे असं काही फोनवर सांगता येतं का? आणि सांगून पटणार कोणाला? तिचं तिलाच आता पटत नव्हतं.

"हो, कोंडून आले," ती म्हणाली. "फोड ते कुलूप, सुजित. दार फोड, काय वाटेल ते कर. पाया पडते तुझ्या."

"पोलीस कोणाला परत सोडत नाहीयेत. आणि इथं आईला दम लागलाय..." तो थांबला. "बघतो," म्हणाला आणि फोन कट झाला.

बघतो. आपल्याकडे या एका शब्दात काय काय मावतं ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाचं स्थळ नाकारायचं असलं तरी बघतो, जीव द्यायला निघाला असला तरी बघतो. गयाबाईने पुन्हा फोन लावला. आता तो लागेचना.

कल्याण-बदलापूर रस्त्यावर समोरून गाड्यांची रांग येत होती. अंबरनाथकडे जाणारी एकटी गयाबाईची रिक्षा. स्कूटरवर तीन-तीन माणसं, पोरांच्या तोंडाला ओले टॉवेल. रिक्षावाला सारखा आरशातून तिच्याकडे बघत होता. "अपना कोई है क्या उधर, मौसी?" त्याने विचारलं. गयाबाईने मान हलवली. अपना म्हणजे काय, याचा विचार तिनं कधी केला नव्हता. नात्याची नाही, गोत्याची नाही, गयाबाईच्या घरच्या बुद्धवंदनेला बसवली तर हात जोडून चामटोलीच्या देवाचं नाव घेणारी बाई. पण तिच्या जागी स्वतःची लेक असती तर याहून वेगळं काही पोटात झालं असतं, असं तिला वाटेना.

आणि मग तिला ती घंटी आठवली.

गोदू आतल्या गोष्टी फारशा सांगायची नाही. पण एकदा कंपनीचा पाळीचा भोंगा जरा जास्त वेळ वाजला तशी ती लाटणं टाकून कोपऱ्यात उकिडवी बसली होती, हात डोक्यावर घेऊन. मागाहून म्हणाली, जेलात पगली घंटी असते, मावशी. काही गडबड झाली, कोणी पळालं, मारामारी झाली, की ती वाजते. वाजली की जिथे असाल तिथून बराकीत शिरायचं आणि खाली बसायचं. उभं दिसलं त्याला काठी. पळताना दिसलं त्याची तर हाडंच. गिनती होऊन कोणी उठ म्हणेपर्यंत हलायचं नाही.

आता भोंगा वाजतोय. अख्खं अंबरनाथ घराबाहेर पळतंय. आणि गोदू काय करत असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. ती कोपऱ्यात बसली असेल. दार वाजवणार नाही, ओरडणार नाही. सुजितने कुलूप फोडलं तरी उठणार नाही, कारण उठ म्हणणारं माणूस उल्हासनगरला डबे घ्यायला गेलंय. गयाबाईने पदराचा बोळा तोंडात धरला.

नाक्याच्या बऱ्याच अलीकडे पोलिसांनी दोरी बांधली होती. रिक्षा तिथे थांबली. रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत, ती किती द्यायचे ते विचारायलाही थांबली नव्हती. हवेला सडक्या लसणासारखा वास होता, डोळ्यांतून आपोआप पाणी गळत होतं.

"बाई, मागे व्हा," पोरसवदा पोलिसाने तिला अडवलं.

"माझं माणूस आत आहे."

"आत कोणी नाही. आम्ही घरोघर फिरून बघितलंय. सगळा एरिया रिकामा केलाय."

"कुलूप असलेली घरं?"

"त्यात काय बघायचं?" तो म्हणाला.

गयाबाई आयुष्यात पोलिसाशी वर आवाजात बोलली नव्हती. आज तिनं त्याचा दंड धरला. तिला म्हणायचं होतं की बाबा, मी एका बाईला कोंडलंय, मला धर, पण आधी ते दार उघड. पण तोंडातून शब्दच फुटेना, नुसता खोकला. त्याला वाटलं बाईला गॅस लागला. त्याने पाण्याची बाटली दिली आणि दुसऱ्या रस्त्याकडे बोट केलं. "शाळेच्या मैदानात जा. सगळे तिथं आहेत. डॉक्टर पण आहेत."

ती निघाली. गुडघ्याचं दुखणं, चपलेचा तुटका अंगठा, कशाचं भान नव्हतं. वाटेत तिनं स्वतःला बजावलं, की पाहिलं की रडायचं नाही. काय पाहिलं की, ते मात्र ती मनातसुद्धा म्हणेना.

मैदान माणसांनी भरलं होतं. चाळीतली माणसं पिंपळाखाली बसली होती. सुजितची आई पडून होती आणि तिला कोणीतरी वारा घालत होतं. गयाबाईला पाहून बायांची बोलणी थांबली. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. सुजित जरा बाजूला, रिक्षाच्या पायरीवर बसला होता. डोळे लालभडक, शर्ट ओला.

"कुठाय?" गयाबाई म्हणाली.

"आणली," तो म्हणाला. "मागच्या गल्लीतून गेलो. पान्याने फोडलं कुलूप." मग जरा थांबून, "मावशी, फोडायच्या आधी मी लांबूनच बघितलं, दार हलत होतं. आतून धडका देत होती ती. भोंग्यात कोणाला ऐकू गेलं नाही. मी कुलूप काढलं तर माझ्या अंगावरच आली. मला वाटलं मारते आता."

गयाबाईला क्षणभर कळेना, तो कोणाबद्दल बोलतोय.

रिक्षाच्या पलीकडे, शाळेच्या नळाजवळ गोदू उभी होती. केस सुटलेले, पदर ओला. दोन्ही तळहात सुजून लाल झालेले, एक कोपर सोललेलं. ती नळाखाली हात धरून होती. गयाबाई धावली, तिला खांद्यांना धरून हलवली, तिचा चेहरा चाचपला, हात पाहिले, आणि जे बोलायचं नव्हतं तेच बोलायला लागली.

"अगं बये, जीव गेला असता की माझा. फोन कशाला दिलाय तुला? पिठात पुरायला? खिडकी लावलीस का? काही खाल्लंस का? हे हात बघ, आता पोळ्या कोण लाटणार? चूक माझी आहे, सगळी माझी, हात मोडले पाहिजेत माझे. चल तिकडे, डॉक्टरला दाखवू. मग अस्मिताकडे ठेवते तुला आजचा दिवस. माझ्या नजरेसमोरून हलू नकोस आता."

गोदूने नळ बंद केला.

"घंटी वाजली तवा मी बसली," ती म्हणाली. "कोपऱ्यात. डोळं मिटून. वास आला तं टावेल घेतला तोंडावर, पन बसूनच. कोनीतरी यील, उठ म्हनंल. सगळी पळून गेली, आवाज कमी झाला, तरी कोन येईना. मंग माज्या मनात आलं, इथंच मेली मी तं वैष्णवीला काय सांगतील? आई सुटली होती म्हनून सांगतील. सुटली होती आनि तरी आली नाय." ती थांबली. तिला इतकं बोलायची सवय नव्हती. "तवा उठली. मावशी, मी जेलात कदी दार ठोकलं नाय. आज ठोकलं."

"बरं केलंस. फार बरं केलंस. चल."

"नाय."

गयाबाईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"मी चामटोलीला चालली," गोदू म्हणाली. "सुजितभाऊला इच्यारलंय. तो सोडतो म्हनला. वाट मोकळी हाय तिकडं."

"आत्ता? या अवतारात? अगं, तुझी सासू दारात तरी उभी करेल का? पोरगी ओळखेल का तुला? आणि नाही ओळखलं तर? हाकलून दिलं तर कुठे जाशील संध्याकाळची?" गयाबाईचा आवाज चढला. पिंपळाखालच्या बाया बघायला लागल्या. "सकाळीच म्हटलं ना, जरा दम धर. आधी अस्मिता बोलेल, मग मी येते सोबत, दोघी मिळून..."

"सकाळी व्हय म्हनली मी," गोदू म्हणाली. "तुमी नको म्हनला, मी व्हय म्हनली. मना जायचं होतं." ती रागावलेली नव्हती. उलट गयाबाईचा हात तिनं आपल्या सुजलेल्या हातात घेतला. "तुमी लय केलं माज्यासाठी. पन तुमी चाव्या घेऊन फिरता, मावशी. मीच दिल्या तुमाला, म्हाईत हाय मना. हाकललं तं हाकललं. बांधावर बसंन. पोर शाळंतून येताना लांबून तरी दिसंल."

गयाबाईला बोलायला पुष्कळ होतं. तिला सोनूचं सांगायचं होतं, ती नवी साडी, ती खिडकी. गोदूला ते कधी सांगितलंच नव्हतं. पण आता सांगणं म्हणजे आणखी एकदा कडी लावणं होईल, हे तिला त्या चुरचुरत्या डोळ्यांनीही दिसलं. गयाबाई गप्प बसलेली चाळीने पहिल्यांदाच पाहिली.

सुजितने रिक्षा चालू केली. गोदू मागे बसली, पाय आखडून, कडेला, जणू शेजारी कोणी बसायचं आहे. सुजितने डोकं बाहेर काढलं.

"मावशी, तुम्ही पण चला ना. जागा आहे."

गयाबाईचा पाय उचललाच होता. मनात ती चामटोलीला पोचलीही होती, सासूशी भांडत होती, पोरीला समजावत होती, गोदूला पाठीशी घालत होती. तेवढ्यात गोदूने तिच्याकडे पाहिलं. ये म्हणाली नाही आणि नको म्हणाली नाही. नुसती वाट बघत होती, आता ही काय करते ते.

गयाबाईने पाय मागे घेतला.

"तिला ने," ती सुजितला म्हणाली. "आणि सोडलंस की निघून ये. थांबू नकोस तिथं. राखण करत बसू नकोस."

रिक्षा मैदानातून बाहेर पडली आणि बदलापूरच्या दिशेला वळली. मागच्या काचेतून गोदूची पाठ दिसत होती. तिनं वळून पाहिलं नाही. स्पीकरवर कोणीतरी सांगत होतं की गळती थांबली आहे, तासाभरात घरी जाता येईल. लोक उठून आपापली चादर झटकू लागले. गयाबाई होती तिथेच उभी राहिली. दुपारभर ती कुलपामागच्या गोदूसाठी जेवढी भ्याली होती, त्याहून जास्त आता भीत होती, आणि या भीतीवर तिच्याकडे काही इलाज नव्हता.